सरिताच्या लग्नाची झिप फाइल

मस्कतमध्ये वादी अदाईहून रुसैलला जाणाऱ्या कंपनीच्या सकाळच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर स्टोअरमधले भीमरावकाका आणि ऑफिसमधला लोकेश बसले होते. लोकेशच्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता.

"काका, सरिताने लग्नाचे फोटो पाठवले कधी?"

"दोन महिने झाले. पण फाइल उघडतच नाही."

"अशी कशी उघडेल? सगळे फोटो दाबून एकाच फाइलमध्ये भरलेत. त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागतं."

"मग टाक की एखादं."

"एखादं कसं टाकू? हे फुकट आहे, पण सारख्या जाहिराती दाखवतं. ते चाळीस दिवस चालतं, मग लायसन्स मागतं. हे तिसरं मात्र कसलीही फाइल उघडतं."

"पोरीला नवरा बघताना एवढी चौकशी नाही केली रे आम्ही."

"मग तिसरंच टाकतो... झालं, खलास! चारशे बारा फोटो आहेत. बघा."

"ही सरिता. पांढऱ्या साडीत किती मोठी दिसते."

"आणि तिच्या शेजारी? सेम तुमच्यासारखे दिसतात."

"माझा धाकटा भाऊ. अर्बाबने, आपल्या मालकानेच, मला सुट्टी दिली नाही, म्हणून वडिलांच्या जागी तो उभा राहिला. अंगात कोटही माझाच आहे."

"अगदी फिट बसलाय त्यांना."

"हो ना."

"पुढचा दाखवू?"

"नको. लोकेश, हे सॉफ्टवेअर उघडलेलं सगळं परत होतं तसं दाबून बंद पण करतं का रे?"