एका काठीचा अपमान

कोरियात राज्यघटना लिहिणारी माणसं निवडायची होती. आयुष्यातल्या या पहिल्याच मतदानाच्या रांगेत ओक्बुन नावाच्या बाईच्या पुढे नाम घराण्यातले दोन म्हातारे भाऊ उभे होते.

"वाचता न येणाऱ्यांसाठी मतपत्रिकेत नावांवर रेघांच्या काठ्या काढल्यात म्हणे. आपला पुतण्या उभा आहे ना, त्याला किती रे?"

"एक, दादा."

"आणि त्या गिरणीवाल्याला?"

"पाच."

"तेवीस पिढ्यांच्या पंडितांना एक, आणि कोंडा उडवणाऱ्याला पाच?"

"दादा, तो चिठ्ठी काढून आलेला नंबर आहे!"

थोरला आत गेला आणि दाढी कुरवाळत बाहेर आला.

"पुतण्याला सहा करून आलो."

"पेन्सिलीनं? अहो, बाद झालं तुमचं मत!"

"होऊ दे. घटना काय, मागाहून दुरुस्त करता येईल. घराण्याच्या अब्रूचं काय? घे ही पेन्सिल, आणि झालं की मागच्यांकडे दे. आपली अजून चाळीस माणसं रांगेत आहेत."