उजव्या कडेचा विल्फ

दवाखान्याच्या बाकावर विल्फ हेस्केथ गुडघा चोळत बसला होता. शेजारचे दोन म्हातारे त्याच्याचविषयी बोलत होते, पण त्याला काही त्यांनी ओळखलं नव्हतं.

“उजव्या कडेनं पळायचा तो विल्फ? एकदा बॉल मिळाला की दुसऱ्याला देईल तर शपथ!”

“सिरिल, तुला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही.”

“उपांत्य सामन्यात मोकळा गोल चुकवला त्यानं. माझ्या आईनंसुद्धा मारला असता!”

“चुकवला असेल. माझे वडील युद्धावरून आले ते मुके होऊनच. नुसते शेगडीकडे बघत बसायचे. आई म्हणाली, एर्नी, यांना मॅचला तरी ने. तिथं विल्फनं एका धिप्पाड गड्याला असं गरगर फिरवलं, की तो चिखलात फतकल मारून बसला. आणि वडील हसले रे! डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.”

“हे कधी बोलला नाहीस.”

“तू बोलू देतोस कुठे?”

“मिस्टर विल्फ हेस्केथ!” नर्सनं हाक मारली.

विल्फ उठायला गेला, पण गुडघा सरळ होईना. सिरिलनं गडबडीनं टोपी काढली. एर्नीनं पुढे होऊन विल्फच्या दंडाला आधार दिला.

“सावकाश, विल्फ. आता कुणी मागे लागलेलं नाही.”