रेतीच्या ढिगाजवळचा चहा

—नाही नाही, आधी चहा घ्या भिया, दुरुस्ती मग करा, कॉम्प्युटर काय पळून जातोय! इंदूरहून बसनं धूळ खात आलात. केटली भरलेलीच आहे, रोज भरतो मी—सवय. चपला? बाहेरच काढा. आमच्याकडे देवघरात एकवेळ चालतील, या खोलीत नाही! अलकाचा हुकूम. माझी मुलगी—कंपनी आता तीच चालवते. हळू बोला, शेजारच्याच खोलीत बसलीय. आणि हे यंत्र आणलं कोणी? मीच! अख्ख्या देवासचे ठेकेदार हसले—म्हणाले, दादा, हा डब्बा काय विटा रचणार? म्हटलं, हसा लेको. दसऱ्याला झेंडूची माळ मीच घातली त्याला. आणि बघा, सिमेंट वेळेवर, सळया वेळेवर, कारखान्याची शेड मुदतीच्या आधी उभी. खोटं कशाला बोलू, माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं.

पण पूर्वी कसं होतं—तो समोर रेतीचा ढीग दिसतो? रोज सकाळी तिथं उभा राहायचो मी. उमाशंकर मिस्त्री, नीलकंठ इंजिनियर, सगळे भोवती. उमाशंकर विचारायचा, "दादा, आज कहाँ से शुरू करें?" की मी काडीनं रेतीवर काढून दाखवायचो—हा कॉलम, ही भिंत, तू इकडे, तू तिकडे. वाद व्हायचे, आवाज चढायचे. उमाशंकर सरळ पायानं पुसून टाकायचा—"ऐसे नी होएगा दादा!"—त्याची ती हिंमत! आणि मी पुन्हा काढायचो. मग सगळ्यांचा चहा. आता? हे टरटर कामाचे कागद ओकतं, जो तो आपापला कागद घेतो, चालला. उमाशंकर लांबूनच रामराम करतो. वाईट नाही हो तो—विचारायला काही उरलंच नाही, तर येईल कशाला?

म्हणून म्हटलं, राहू दे बंद एखाद-दोन दिवस, बघू तरी— म्हणजे, बंद पडलं. आपोआप. इथलं व्होल्टेज माहीत आहे ना तुम्हाला! तर काल लवकर आलो, ढिगाजवळ उभा राहिलो, काडीसुद्धा घेतली हातात. म्हटलं, आज येतील. छे! गेले सगळे समोरून. अलकानं आठवड्याचे कागद आधीच काढून वाटलेले. उभा होतो आपला, केटली निवत होती. फार एकटं वाटलं हो. घरी कुणाला सांगणार असलं?

अहो, मागं वाकून काय बघताय? वायर? निघालीय? निघाली असेल, उंदीर फार झालेत— हसताय काय? काय म्हणालात? अलकाला माहीत होतं? फोनवर तीच म्हणाली, दादांनीच काढलीय? मग तुमचं दुकान बंद करायला लावून एवढ्या लांब तुम्हाला बोलावलं कशाला?

...दादांजवळ घटकाभर बसा—असं म्हणाली?

शेजारच्याच खोलीत बसते हो ती. आणि माझ्याजवळ बसायला माणूस इंदूरहून?

लावा ती वायर. हं, झालं सुरू. कप राहू द्या तिथंच, मी उचलतो. निघा तुम्ही आता, बस चुकेल.