शीळ घातली केलनं, लायसन गेलं माझं

नाही, पण मला एक सांगा, स्वतःच्या स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच्या किटलीतला चहा प्यायला तर बाई गुन्हेगार होते का? होते! मी होईन! रस्त्यापलीकडे ते हिरव्या पत्र्याचं घर दिसतंय ना, ते माझं. निलगिरीखाली पसरलाय तो कुत्रा, तोही माझा. फाटकावर 'पॅस्को तबेला' अशी पाटी आहे, ती मी माझ्या हातानं रंगवली, पाठीत कळ येईपर्यंत. आणि त्या फाटकाच्या आत मी पाऊल टाकायचं नाही! म्हणून इथं माझ्या बहिणीच्या, ग्लेनिसच्या व्हरांड्यात, तिच्या त्या शिवराळ काकाकुव्याशेजारी बसलेय मी, नोलीन पॅस्को, आणि कशापायी म्हणाल तर घोडी मुतली म्हणून! आता घोडी मुतणारच की हो! न मुतून सांगते कुणाला?

पण तुम्हाला सांगते, घोडी कुठं मुतली, कशी मुतली आणि त्यात काय निघालं, ह्या सगळ्याचा जाब एकाच माणसाला. ट्रेनरला. आणि ट्रेनर कोण? मी!

आता मी कशी, तर आमचा केल. माझा नवरा. गडी सोन्यासारखा, पण एकदा शर्यतीत त्याच्या त्या दोनचाकी गाडीचं चाक दुसऱ्याच्या चाकात अडकलं, गाडी पालथी, केल खाली, घोडा पुढं. तेव्हापासून पाठ गेली. सकाळ-संध्याकाळ गोळी घेतल्याशिवाय बूट घालता येत नाहीत त्याला. मग लायसन कुणाच्या नावावर काढायचं? तर म्हणाला, "तुझ्याच काढ, नोल. शर्यत मंडळाच्या लोकांशी बोलावं लागतं, तुझं तोंड बरं चालतं." चालतं! चालतंय बघा अजून! बोलून काय उपटलं ते आता सांगते.

तर आमची घोडी, पुडिंग. घरातलं नाव हो, पोटावरनं पडलेलं. गाडीला जुंपली की दुडक्या चालीनं निघायची छान, आणि शेवटच्या वळणावर काय मनात यायचं कुणास ठाऊक, चाल मोडून उधळायची. चाल मोडली की मागं ओढा, नियम आहे. मग सगळे पुढं आणि आमची पुडिंग आपली बागेत फिरायला आल्यासारखी मागनं. लोक हसायचे. "नोलीन, घोडी विकून गाय घे, दूध तरी देईल!" असं म्हणायचे, गाढवाचे! आणि यंदा आमच्याच मैदानावर, आमच्याच गावच्या कपाला, पुडिंग चाल न मोडता आली की हो शेवटपर्यंत! पहिली! मी हातातली गरम पॅटिस, मटणाची, सॉससकट पुढच्या बाईच्या टोपीवर ठेवली. केल रडला. पाठ दुखते म्हणून रडतोय असं म्हणाला, पण रडला.

आणि जिंकली की काय? नमुना! लघवीचा नमुना. जिंकलेल्या घोड्याला एका खोलीत नेतात, खाली पेंढा पसरलेला, मंडळाचा माणूस लांब दांडीला डबा लावून उभा. आणि शीळ घालतो. सगळे घोडेवाले घालतात, आमच्या बापाचा बापही घालायचा. बारीक, लांब, उतरती शीळ... फ्यूऽऽऽ... ती ऐकली की घोड्याला होते. पेंढा आणि शीळ, दोन्ही लागतं. पण पुडिंगला होईना. तो माणूस शीळ घालतोय, केल शीळ घालतोय, मी घालतेय, घोडी आपली भिंतीकडे बघतेय. आणि केल बघा, एका पायावरनं दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरनं पहिल्यावर. "काय रे?" म्हटलं. "काही नाही, घोडीचं लवकर व्हावं, बास." मला वाटलं काळजी करतोय बिचारा! कसली काळजी? डोंबलाची!

झालं एकदाचं घोडीचं. कप घरी आला, चुलीवरच्या फळीवर बसला. आणि एका सकाळी मी टोस्टला लोणी लावतेय तर फाटकात पांढरी गाडी. मंडळाचे मुख्य निरीक्षक मिस्टर क्विल्टी, बरोबर हातमोजे घातलेली दोन माणसं. हातमोजे! जसं काही माझ्या घरात मुडदाच पडलाय!

मिस्टर क्विल्टींचा आवाज असा, बघा... नाकातनं, थंडगार, फ्रीजमधनं काढल्यासारखा. "मिसेस पॅस्को, आपल्या घोडीच्या नमुन्यात निषिद्ध द्रव्य आढळलं आहे."

म्हटलं, "माझ्या घोडीत गाजरांशिवाय काही आढळत नाही!"

"घोडीत जे आढळेल त्यास ट्रेनर जबाबदार. ट्रेनर कोण?"

"मी!"

मग काय विचारता! कपाटं उघडली, दाण्यांची पिंपं उपसली, कुत्र्याची पिसवांची पावडर हुंगली, माझं मूळव्याधीचं मलम उजेडात धरून वाचलं, मोठ्यानं! आणि मग खिडकीत केलच्या गोळ्या. मिस्टर क्विल्टींनी डबी उचलली, नाव वाचलं, आणि भुवई वर. एकच. "हेच ते द्रव्य. हे माणसांचं औषध आहे, मिसेस पॅस्को. घोडीच्या पोटात कसं गेलं?"

मी केलकडे बघते, केल बुटांकडे बघतोय. "गोळी दाण्यात पडली का रे तुझ्या हातनं?" "नाही." "खिशातनं तिनं चाटली का?" "नाही, नोल." आणि चेहरा? शिजवलेलं बीट!

ते गेले आणि मी दार लावलं. किटली ठेवली. म्हटलं, "केल्विन." केल्विन म्हटलं की त्याला कळतं, आता सुटका नाही. "केल्विन, बोल."

मग तुम्हाला सांगते, ह्या माणसानं टेबलाकडे बघत बघत काय सांगितलं... की पुडिंग कधी जिंकलीच तर तिला त्या खोलीत लवकर व्हावं, म्हणून तो रोज संध्याकाळी तबेल्यात ताजा पेंढा टाकून तिला शीळ घालून शिकवत होता. बरं. चांगलं. पण जन्मभर शिळा घालून, घोडीला व्हायच्या आधी... त्यालाच व्हायची!

"मग?" मी म्हटलं.

"मग काय... पेंढा असतोच की तिथं."

"अरे माणसा! अंगण ओलांडलं की संडास आहे! पांढरा! साखळीचा!"

"तिथवर पोचत नाही गं, नोल. शीळ सुरू झाली की नाही पोचत."

आणि पुडिंग? पुडिंगला आम्ही पुडिंग का म्हणतो? दिसेल ते खाते म्हणून! दाणे संपले की खालचा पेंढा खाते! केलनं गोळी घेतली, गोळी केलमधनं पेंढ्यात, पेंढ्यातनं पुडिंगमध्ये, पुडिंगमधनं डब्यात, आणि डब्यातनं थेट माझ्या बोडक्यावर! कारण ट्रेनर कोण? मी!

म्हटलं, ठीक आहे, झालं ते झालं, चौकशीत उभा राहा आणि सांग. तर हा माणूस, ज्यानं गाडीखाली सापडून हूं की चूं केलं नाही, तो पांढराफटक पडला. "सगळ्यांसमोर? नोल, मंडळ ते छापतं गं! नावासकट! क्रिकेट क्लबात मला काय हाका मारतील?" म्हटलं, "आणि माझं लायसन गेलं तर? घोडी जाईल, तबेला जाईल! तू हाका मोजत बस!" तीन रात्री माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी स्वतःच कोट काढून ब्रश मारायला लागला. तो कोट, खरं सांगते, लग्नातला होता.

मेलबर्न. मोठी इमारत, बिनआवाजाची लिफ्ट, लांबलचक टेबल. पलीकडे चौकशीचे तिघे, कडेला मिस्टर क्विल्टी. केल उभा राहिला आणि बोलला हो! सगळं बोलला! गोळी, पेंढा, शीळ, सगळं. आणि पलीकडची ती मोत्यांची माळ घातलेली अध्यक्षीण लिहून घेतेय, मोठ्यानं, "सदर गृहस्थ सदर पेंढ्यावर... नियमितपणे?"

"जमेल तसं, बाई," आमचा केल म्हणतो!

मग ती म्हणाली, "पण केवळ एका शिळेमुळे प्रौढ माणसाला... हे पटत नाही, मिस्टर पॅस्को. कशी शीळ?"

आता विचारावं का तिनं? विचारावं का?

केलनं माझ्याकडे बघितलं. ओठ चंबू केले. फ्यूऽऽऽ... बारीक, लांब, उतरती... आणि मध्येच थांबला. "माफ करा हं," म्हणाला, आणि सुटला! पाठ दुखणारा माणूस, पण दाराबाहेर कसा पळाला! आणि तेवढ्यात मला काय दिसावं? मिस्टर क्विल्टी! जन्म गेला त्यांचाही नमुन्याच्या खोल्यांत! एका पायावरनं दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरनं पहिल्यावर... आणि तो फ्रीजमधला आवाज एकदम बारीक होऊन म्हणतो, "अध्यक्षमहोदया, थोडं मध्यंतर घेता येईल का?" आणि तेही सुटले! केलच्या मागं!

मी मनात म्हटलं, नोलीन, जिंकलीस! ह्याहून मोठा पुरावा कुणी आणलाय का?

दोघं परत आले, शेजारी शेजारी, एकमेकांकडे न बघता. अध्यक्षीण म्हणाली, "मिस्टर पॅस्को, आपल्या प्रत्येक शब्दावर आमचा विश्वास बसला आहे. आपण धैर्यानं खरं बोललात. चौकशी आपली आभारी आहे."

मी पर्स उचलली.

"तथापि," ती म्हणाली.

हा 'तथापि' ज्यानं काढला ना, तो एकदा माझ्या हाती लागायला हवा! तथापि, घोडीत जे आढळेल त्यास ट्रेनर जबाबदार. कुणी घातलं, कसं गेलं, ह्याला महत्त्व नाही. कप परत. लायसन रद्द, सहा महिने. आणि बंदी घातलेल्या व्यक्तीनं शर्यतीचे घोडे असलेल्या जागेत राहायचं नाही.

म्हटलं, "बाई, तबेला आणि घर एकाच फाटकात आहे!"

"मग आपल्याला फाटकाबाहेर राहावं लागेल."

"आणि घोड्यांना कोण बघणार?"

तिनं कागद चाळले. "मिस्टर पॅस्कोंविरुद्ध कोणताही आरोप नाही. लायसन त्यांच्या नावावर देता येईल. प्रामाणिक गृहस्थ आहेत."

चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं, पण चोराला वर संन्याशाचा मठही देतात, हे मेलबर्नला कळलं!

बरं, इथं बसून दोन शब्द सांगू म्हटलं, तर तेही नाही! मिस्टर क्विल्टी स्वतः येऊन सांगून गेले, व्हरांड्यात, टोपी काढून. "मिसेस पॅस्को, घोड्यांबाबत पतीला सूचना द्यायची नाही. फाटकावरनं नाही, फोनवरनं नाही, बहिणीमार्फतही नाही. तबेल्याच्या कामकाजात सहभाग धरला जाईल."

म्हटलं, "पेंढ्यावर मुतू नकोस, एवढंही नाही?"

टोपी परत डोक्यावर चढवली बिचाऱ्यांनी. "विशेषतः तेच नाही," म्हणाले.

केल रात्रीच्या जेवणाला येतो इथं. हवापाण्याचं बोलतो. म्हटलं तर पुडिंग बरी असावी, म्हटलं तर नसावी, त्याच्या चेहऱ्यावरनं ताडायचं. गोळ्या चालूच आहेत, नाहीतर बूट कसे घालेल? येत्या शनिवारी पुडिंग धावणार आहे असं मला पेपरात वाचून कळलं. माझी घोडी! पेपरात!

आणि आता संध्याकाळ झाली ना, गप्प बसा जरा, ऐका... तो तबेल्याचा दिवा लागला. पेंढा टाकला. ती बघा, शीळ. फ्यूऽऽऽ... ऐकताय? बारीक... लांब... उतरती...

थांबली. मध्येच.

ट्रेनर कोण? तो!

ग्लेनिस, अगं मी निजते त्या सोफ्याशेजारी अजून एक गादी घालून ठेव.