पंधरा सेकंद गप्प बसायचं होतं

...अहो, दिसत होतं हो! छान दिसत होतं! बारा वर्षांचा टीव्ही, त्याला लेकीनं घेऊन दिलेली ती इंटरनेटची डबी, कोथरूडमध्ये बसून कॅनडातली नात दिसत होती, आणखी काय हवं होतं मला? पण नाही! तुम्हाला सांगतो, रिटायर झालेल्या माणसाच्या हातात रिमोट देऊच नये.

रविवारी सकाळी, म्हणजे तिकडे शनिवारी रात्री, आमच्या सोनूचं तिकडच्या मराठी मंडळात भाषण. विषय, 'माझी आजी'. वय वर्षं सात, आणि ळ काही केल्या येत नाही! फळ्याचा फला, बाळाचं बाल... तिची आजी, आमची द्वारका, महिनाभर फोनवर घोकून घेतेय, "जीभ मागे वळव गं, मागे!" त्या दिवशी ही इरकली नेसून साडेआठपासून टीव्हीसमोर, आणि कार्यक्रमाला दहा मिनिटं असताना मी काय म्हणावं? "चित्र जरा धुरकट नाही वाटत?"

"दिसतंय की. बसा गप."

गप बसेन तर मी कसला! शिरलो सेटिंगमध्ये. व्हिडिओ आउटपुट, टेन-एटी, त्याच्या वर फोर-के. म्हटलं, एकुलती एक नात, फोर-केमध्येच बघायची! दाबलं... आणि पडदा काळा. ठार काळा! घाबरून ओके दाबलं. पुन्हा ओके, पुन्हा ओके... ही म्हणते, "अहो, मोबाईलवर लावा!" लिंक माझ्या मोबाईलवर, मोबाईल माझ्या खिशात, आणि मी म्हणतो, "छे! नातीचं भाषण वीतभर पडद्यावर? दोन मिनिटं थांब!"

दिसत होतं हो आधी!

चाळीस मिनिटांनी वरच्या मजल्यावरचा अझीम जिन्यात सापडला. कॉम्प्युटरवाला पोरगा, शांतपणे म्हणतो, "काका, या टीव्हीला फोर-के झेपत नाही. आपण पंधरा सेकंद काहीच केलं नसतं ना, तर जुनं चित्र आपोआप परत आलं असतं. आपण ओके दाबून 'हेच राहू दे' म्हणालात." तीनदा म्हणालो, अझीम, तीनदा!

त्यानं चित्र परत आणून दिलं, पण तोवर भाषण कधीच संपलेलं. फोन केला तर पोर झोपून गेलेली.

आता रेकॉर्डिंग बघतो. भाषण संपतं, सोनू थेट कॅमेऱ्यात बघून विचारते, "आजी, आला का ळ?" आणि थांबते हो... वाट बघत उभी राहते. आणि द्वारका रोज टीव्हीला मोठ्यानं उत्तर देते, "आला गं बाळ, छान आला!"

काल न राहवून म्हटलं, "अगं, रेकॉर्डिंग आहे ते. तिला ऐकू जात नाही."

"ठाऊक आहे," म्हणाली. "तुम्हाला ऐकवतेय."