रोटाचे तीन दिवस

मी सोनाबाई. माहेर अमळनेर तालुक्यातलं, सासर शिरपूरकडचं. चौथी शिकले, पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती म्हणून बापाने घरी बसवलं, त्याचं मला काही दुःख नाही, तेव्हा सगळ्याच पोरी बसायच्या. लग्नानंतर नवऱ्याबरोबर सुरतला आले, तो पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या मिलमध्ये लागला, मी घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायचे, डिंडोलीत एक खोली होती, तिच्या पुढे दोन झाल्या. नवरा छातीच्या दुखण्याने गेला तेव्हा माझा संजू, एकुलता एक, एकोणीस वर्षांचा होता, तो बापाच्याच मिलमध्ये लागला. मिलचे लोक मला अजून संजूची माय म्हणतात. आता कोणी म्हटलं की मला ऐकवत नाही, ते का ते सांगते, तुम्ही लिहून घ्या, ताई.

तीन वर्षांमागे संजूच्या डाव्या डोळ्याची पापणी खाली उतरायला लागली. मिलमधला मास्तर म्हणाला, अबे संजू, किसको आँख मारता है, यहाँ तो सब बुड्ढे खड़े हैं. सगळे हसले, त्याने घरी येऊन मला सांगितलं, मीही हसले. मग त्या डोळ्यामागे ठणका लागला, एकाची दोन माणसं दिसायला लागली. माय, डोकं दुखस, म्हणायचा, आमच्या अहिराणीत. मी म्हटलं रंगाच्या वाफेने झालं असेल, तूप सोड नाकात. सून मंगल बारावी शिकलेली, इथल्या गुजराती शाळेतली, तिने माझं ऐकलं नाही आणि त्याला दवाखान्यात नेलं. तिने ऐकलं नाही तेव्हा तो वाचला, आणि नंतर ऐकलं तेव्हा... ते पुढे येईलच.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. डोक्यातल्या नसेला फुगा आलेला, जसा सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा, आणि त्याचा दाब डोळ्याच्या नसेवर पडतो म्हणून पापणी पडलेली. फुटला तर माणूस दवाखान्यापर्यंत पोचेल याचा भरवसा नाही म्हणाले. मला वाटलं आता कवटी उघडणार. पण काय सांगू तुम्हाला ताई, त्याचा एक केससुद्धा कापला नाही, जांघेतून तार घातली, ती पार डोक्यात नेली, आणि फुग्याच्या तोंडासमोर नसेत बारीक जाळी बसवली, स्टेंट म्हणतात तिला. चौथ्या दिवशी संजू पायाने चालत घरी आला. इथेच आमची फसगत झाली. टाका नाही, पट्टी नाही, खाटेवर पडणं नाही, तर आजार होता असं मनाला वाटतच नाही.

डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं. जाळी शरीराला परकी, तिच्यावर रक्त चिकटून गोठतं, म्हणून रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या रोज घ्यायच्या, आम्ही सांगेपर्यंत एक दिवस चुकवायच्या नाहीत. फुगा लगेच जात नाही, हळूहळू बंद होतो, म्हणून सहा महिन्यांनी परत तार घालून फोटो काढायचा. संजूने विचारलं, साहेब, काम झालं ना, मग परत कशाला. डॉक्टर म्हणाले, तुमच्या मिलमध्ये मशीन बसवल्यावर परत कोणी बघतच नाही का. सगळं कागदावर लिहून दिलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं गुजरातीत. मला ती वर रेघ नसलेली अक्षरं लागत नाहीत. पण ऐकलं मी होतं. बहिरी नाही मी.

मग श्रावणात कानबाई आली. तुमच्याकडे नसेल, आम्हा खानदेशी लोकांची ती देवी. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू काढायचा, त्याचे रोट करायचे, आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही. आम्ही सगळे गावी गेलो. माझ्या सासूची रीत फार कडक होती, रोट सुरू झाले की संपेपर्यंत तोंडात दुसरं काही घालायचं नाही, चहा नाही, तंबाखू नाही, गोळी-औषध नाही. सासू मेली पण रीत मी धरून ठेवली. तीन दिवस.

मंगल पाण्याचा तांब्या आणि गोळ्या घेऊन आली. मी म्हटलं ठेव त्या पिशवीत. ती म्हणाली, आत्याबाई, डॉक्टरांनी एक दिवस चुकवू नका सांगितलंय. मी सगळ्या जावांसमोर म्हटलं, त्याच्या नावाचा रोट आहे, त्याला देवीने वाचवलं का तुझ्या डॉक्टरने? जावा हसल्या. मोठी जाऊ म्हणाली, सून शिकलेली केली की असंच व बाई. संजू म्हणाला, जाऊ दे व मंगल, मी बरा शे. मंगलने गोळ्या पिशवीत ठेवल्या. सांगते ते तसंच लिहा, ताई, मऊ करून लिहू नका. गोळ्या मी थांबवल्या.

तीन दिवसांत काही झालं नाही, हे वाईट झालं. काही झालं असतं तर शहाणे झालो असतो. गोळ्यांनी त्याच्या अंगावर निळे डाग पडायचे, दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं, ते जरा कमी झालं. सुरतला आल्यावर मंगल डब्याबरोबर गोळ्या द्यायची, तो खिशात टाकायचा आणि सांगायचा घेतल्या. फोटोची तारीख आली तेव्हा मिलमध्ये खाडा नको, पुढच्या महिन्यात जाऊ म्हणाला. मंगल भांडली. मी म्हटलं धडधाकट माणसाला कशाला परत परत तारा घालायच्या.

नंतर आठवडाही गेला नसेल. सकाळी पहिल्या पाळीला निघाला होता, दारात बसून बूट घालत होता. मी समोर टिकल्या वाटीत काढत होते. त्याचा उजवा हात बुटाच्या नाडीवर नुसता पडून राहिला. मी म्हटलं काय रे, उशीर होतोय. त्याने माझ्याकडे बघितलं, तोंड एका बाजूला गेलेलं, आणि काहीतरी बोलला ते शब्द नव्हते. मला वाटलं पित्त झालं, मी लिंबू कापायला उठले. मंगल किंचाळली आणि रस्त्यावर रिक्षा धरायला धावली.

जाळीत रक्त गोठलं होतं. डॉक्टरांनी ते काढलं, जीव वाचला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टरांनी मंगलला विचारलं गोळ्या चालू होत्या ना, ती म्हणाली हो, तिला तसंच वाटत होतं. घरी आल्यावर मी त्याची कामाची पँट धुवायला काढली तर खिशात गोळ्या, घामाने एकमेकींना चिकटलेल्या. मी त्या मंगलच्या हातावर ठेवल्या. तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिने त्या एकेक सोडवून मोजल्या. त्या दिवसापासून गोळ्या तिच्या कुलपात असतात, आणि ती पॅकिंगच्या कामावर जाते.

पुढे फोटोला आम्ही नेलं. आता खाड्याचा प्रश्न नव्हता. डॉक्टर म्हणाले फुगा पूर्ण बंद झालाय, जाळीने काम केलं. मी विचारलं, आणि बोलणं? त्यांनी पुढची तारीख लिहून दिली.

संजूला आता एकच शब्द येतो. शे. आमच्या बोलीत शे म्हणजे आहे. भूक लागली तरी शे, लघवीला जायचं तरी शे, रडतो तेव्हाही शे. माय म्हणत नाही.

यंदा कानबाई बसवली तेव्हा पहिला रोट मी त्याच्यापुढे ठेवला आणि मंगलला म्हटलं, आधी गोळ्या दे. मोठी जाऊ म्हणाली, रोटाआधी? मी म्हटलं, देवीला राग आला तर माझ्यावर काढेल, माझी जीभ घेईल, तीच घ्यायला हवी होती. मंगलने कुलूप काढलं, गोळ्या आणल्या, आणि माझ्या हातात दिल्या नाहीत, तिनेच त्याच्या तोंडात घातल्या. बरोबर केलं तिने.

तुमचं हे छापून आलं तर, ताई, ज्याच्या डोक्यात जाळी बसवलीय त्याच्या मायला वाचून दाखवा. देव तिच्या पोराला बोलता ठेवो. माझं काय, मी सकाळी त्याच्या बुटाची नाडी बांधते, मिलला जायचं नाही तरी त्याला बूट लागतात. विचारते, घट्ट झाली का रे? तो म्हणतो, शे.