पडद्याचं रीड-पिक

नाही, पण मी काय म्हणतो, दिवाळीत माणसानं शेजाऱ्याकडे फराळाला जावं की साक्षीला?... हो, साक्षीला! मी सरलाबाईंच्या हातची चकली मोडतोय न मोडतोय तोच सुकदेवरावांनी माझ्या हातातली बशी काढून घेतली, दंडाला धरून मला कोपऱ्यातल्या त्या कॉम्प्युटरसमोर उभं केलं आणि विचारलं, "प्रभाकरराव, तुम्ही बँकेतला मानूस. तुम्हीच सांगा, मी कधी पिक चोरं का?" आता मला सांगा, मला काय माहीत! मी बँकेत पासबुकं भरतो!

थांबा, तुमचाही गोंधळ झाला असेल. हे सुकदेवराव म्हणजे उधन्यात आमच्या शेजारच्या ब्लॉकमधले, मूळचे धुळ्याकडचे, कापडाच्या कारखान्यात डिझाइन मास्तर. साडीचा काठ आधी चौकटीच्या कागदावर रंगवायचा, एक चौकोन म्हणजे एक धागा, आणि मग तो मागावर चढवायचा, हे त्यांचं काम. आता कापडात इंचाला उभे धागे किती त्याला म्हणतात रीड, आडवे किती त्याला पिक. आकडा जेवढा मोठा तेवढा माल भारी. आणि इंचामागे चार-दोन आडवे धागे हळूच कमी केले की सूत वाचतं, मालक खूश, आणि घेणारीची साडी पहिल्या धुण्यात गाळणी! याला म्हणतात पिक चोरणं. सुकदेवरावांनी यावरून आजवर दोन मालक सोडलेत, बायकोशी, म्हणजे सरलाबाईंशी, अबोला धरलाय, आणि नाक्यावर चहा पिताना शेजारी कुणीही अनोळखी बसलेला असो, त्याला ऐकवतातच, "आख्खा जलममा एक पिक चोरं नही मी!" तो बिचारा चहा अर्धा टाकून पळतो.

तर ती अठ्ठ्याण्णव सालची दिवाळी. दिवाळीत आमचं उधना कसं होतं ठाऊक आहे ना? माग बंद, खडखडाट बंद, अर्धं लिंबायत, म्हणजे ती शेजारची मागवाल्यांची वस्ती, गाड्या भरभरून खानदेशात गावाकडे... इतकं गप्प, की माणसाला झोप लागत नाही. दरसाल सुकदेवरावही जातात. पण त्या साली गेले नाहीत, कारण कारखान्याच्या गुजराती शेठनं हा जुना कॉम्प्युटर रिक्षात घालून त्यांच्या घरी पाठवला आणि वर निरोप दिला, "मास्तर, लाभपांचमे हुं आवीश. नवी बॉर्डर आमां देखाडजो. नहितर..." म्हणजे दिवाळीनंतरच्या लाभपंचमीला येईन, नवा काठ याच्यात करून दाखवा, नाहीतर... सणाच्या तोंडावर वाईट बोलू नये म्हणून पुढचं शेठनं गिळलं. पण ते न बोललेलं सरलाबाईंना बरोबर ऐकू गेलं. त्यांनी त्या दिवशी लाडवात साखर घातली नाही, एवढी बाई धसकली!

नशीब की लेक जयश्री माहेरपणाला आलेली. जळगावला कॉम्प्युटरच्या क्लासवर शिकवते. तिनं यंत्र चालू केलं, तर ते असं कण्हायला लागलं की विचारू नका, एक खिडकी उघडायची म्हणजे तेवढ्यात आपण खाली जाऊन दूध घेऊन यावं. मग तिनं पर्समधून एक सीडी काढली, कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेली, आणि त्याच्यात लिनक्स की काय ते घातलं. म्हणाली, "प्रभाकरकाका, हा विंडो मॅनेजर अगदी हलका आहे. फक्त खिडक्या सांभाळतो. जागा कमी खातो, ताबडतोब उठतो, जास्तीचं काही बोलत नाही." मी म्हटलं, अगं, असला मॅनेजर आमच्या शाखेत पाठव की!

आणि खरंच हो, यंत्र पळायला लागलं! सुकदेवराव खूश. फक्त पडद्यावर सगळं धबधबीत, जाडजूड दिसायला लागलं आणि काठाचा चतकोरसुद्धा मावेना. जयश्री म्हणाली, "बाबा, आत्ता आडवे सहाशे चाळीस ठिपके आहेत, उभे चारशे ऐंशी. वाढवता येतील." बस्स! सुकदेवरावांचे कान उभे राहिले. आडवे इतके, उभे तितके? ते ताडकन उठले, कपाटातून धागे मोजायचं पितळी भिंग काढलं, पडद्याच्या काचेला लावलं, त्याला डोळा लावला आणि ओरडले, "पोरी, हाई ते रीड-पिक शे!" मग कारखान्यात तो भूपेंद्र म्हणून दुसरा डिझाइनवाला आहे, त्याच्या पडद्याचं किती, ही चौकशी. जयश्री म्हणाली, बहुतेक आठशे असेल. "मंग आपलं सर्वात भारी लाव."

आता हे काही बटण दाबलं आणि झालं असं नव्हतं हं त्या काळी! एक फाईल उघडायची, त्यात एका ओळीत आकडेच आकडे, ते हातानं बदलायचे, पडदा बंद करायचा, पुन्हा उठवायचा आणि देवाचं नाव घ्यायचं, कारण आकडा चुकला तर मॉनिटर जळतो म्हणे! जयश्रीचा पहिला आकडा चुकलाच. पडद्यावर फराफरा तिरक्या रेघा, आतून कुईंऽऽ असा आवाज... सुकदेवराव किंचाळले, "ताना तुटना! ताना तुटना!" आणि उभे धागे तुटल्यावर माग थांबवावा तशी त्यांनी भिंतीतली पिनच उपटली. त्याबरोबर देवघरातली दिव्यांची माळही विझली, सरलाबाई आतून लाटणं घेऊन बाहेर! मी तेवढ्यात एक करंजी खाऊन घेतली.

पुन्हा आकडे, पुन्हा रेघा, पुन्हा पिन... आणि शेवटी लागलं की हो! एक हजार चोवीस! आख्खा काठ, वरच्या वेलीपासून खालच्या मोरापर्यंत, एका पडद्यावर. सुकदेवराव छाती काढून म्हणाले, "याले म्हनतंस माल." आणि खुर्चीवर बसले. बसले आणि... दिसेना. अक्षरं झाली मुंगीएवढी! मागे सरकले, पुढे सरकले, नाक काचेला टेकलं. खिडकी बंद करायला गेले, ती बारीक होऊन तळाशी जाऊन बसली. मोराला निळा रंग द्यायला गेले, तो आख्ख्या साडीला लागला. चोच काढली ती गेली शेपटीकडे. मी बघितलं, मला वाटलं बटाटा आहे. बरं, तसं मी बोललोही! माझंही तोंड ना...

जयश्री आपली हळूच, लाडात, "बाबा, आठशे करू या का? जरा मोठं दिसेल."

काय सांगू तुम्हाला! माणूस खुर्चीतून उसळला. "पिक कमी करू? मन्हा घरमा? मन्ही आंडेर, पोटनी पोर, माले सांगस पिक चोर म्हनून? आख्खा जलममा एक पिक चोरं नही मी!" आणि तिथंच माझ्या हातातली बशी गेली आणि मी साक्षीदार झालो. सरलाबाई पदर खोचून पुढे आल्या, "तुम्हले दिखत नही, आन् राग पोरवर काढतंस! डोया तपासा आधी!" झालं! "मन्हा डोया चांगला शेतंस! यंत्रना डोया खराब शे!" म्हणे यंत्राचे डोळे खराब. मी मधे पडलो, म्हटलं, सुकदेवराव, चाळिशी सगळ्यांनाच लागते, मलाही आहे. तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच पिक चोरलंय.

पुढचे दिवस काय वर्णावे! माझ्या सुट्टीचं तर वाटोळंच. रोज सकाळी भिंतीपलीकडून तेच, जयश्रीचं "बाबा, थोडंसंच कमी..." आणि त्यावर "एक पिक चोरं नही मी!" आमच्या मंगलाला, म्हणजे माझ्या बायकोला, ते पाठ झालं. मी भाजी आणली की तीसुद्धा विचारायला लागली, "यात पिक चोरलं नाही ना?" आणि तिकडे लाभपंचमी येऊन ठेपली, काठ तसाच, मोराचा बटाटा तसाच.

आदल्या दुपारी मी जिन्यात चपला घालत होतो, तेव्हा जयश्री तिथं पायरीवर बसलेली. डोळे पुसत होती. म्हणाली, "काका, बाबांना पिकची काळजी नाहीये हो. ते घाबरलेत. मास्तरला दिसत नाही असं एकदा कारखान्यात झालं, की कोण ठेवणार त्यांना? म्हणून चष्म्याचं नावसुद्धा काढू देत नाहीत." तुम्हाला खरं सांगतो, मला इतकं वाईट वाटलं! इतके दिवस आपण हसलो, करंज्या खाल्ल्या, आणि हा माणूस त्या पडद्याला नाक लावून आपली भाकरी वाचवत होता. पण ती पोर हुशार! ती उठली, नाक ओढलं, आणि आत जाऊन त्या फाईलीत आणखी एक आकडा लिहिला.

मग हाक मारली, "बाबा, या. पिक कमी केलेलं नाही. माल एक हजार चोवीसचाच आहे." आणि कंट्रोल, ऑल्ट आणि अधिकचं बटण एकदम दाबलं... सगळं टप्पकन मोठं! मोर चांगला कोंबड्याएवढा! सुकदेवरावांनी संशयानं भिंग उचललं. "मंग बाकीना काठ कोठे गया?" ती म्हणाली, "कुठेच गेला नाही. मागावर कापड कितीही लांब असो, बाबा, तुमच्यासमोर किती असतं? हातभर. बाकीचं रुळावर गुंडाळलेलं असतं ना? तसंच हे. उंदीर कडेला न्या." त्यांनी माउस कडेला नेला, आणि हो, पडदा सरसर सरकला, पुढचा काठ आला! डावीकडे नेला, मागचा आला. मला भोवळ आली बघून, अजून येते. पण त्या माणसाचा चेहरा! कितीतरी वेळ नुसता पुढे-मागे, पुढे-मागे... मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "खरं शे. पिक तेच शे." आणि संध्याकाळपर्यंत बटाट्याचा मोर झाला, पिसं मोजून घ्यावीत असा!

लाभपंचमीला शेठ आला. मला बोलावलं होतंच, साक्षीला. जयश्रीनं मुद्दाम आख्खा काठ बारीक करून आधी दाखवला. शेठ वाकला, आणखी वाकला, नाक काचेला टेकलं. "मास्तर, कशुं देखातुं नथी." सुकदेवराव पांढरेफटक! शेठनं खिसे चाचपले, म्हणाला, "मारां चश्मां गाडीमां रही गयां. एना वगर तो हुं आंधळो छुं, भाई!" आणि हसला. असा मोकळा हसला, की सरलाबाईंनी दारामागे पदर तोंडाला लावला. सुकदेवराव बघतच राहिले. एवढा मोठा शेठ, आणि हसत सांगतो की दिसत नाही! मग त्यांनी ती तीन बटणं दाबली. मोर मोठा. "वाह! मोटुं थई गयुं!" उंदीर सरकवला, काठ चालला. शेठ म्हणाला, मास्तर, उद्या कारखान्यात या, भूपेंद्रलाही हे शिकवा. गाडीत बसताना आपला चष्मा नाकावर चढवला आणि म्हणाला, "तमे पण करावी लो, मास्तर. आंख छे तो बॉर्डर छे."

आता बायको सांगून थकली, लेक सांगून थकली, मी बोललो तर मी चोर. पण शेठ म्हणाला म्हटल्यावर त्याच संध्याकाळी सुकदेवराव चष्मा करायला तयार! एकटे नाही, मला घेऊन. म्हटलं चला, एवढं झालंय तर हेही. दुकानदारानं काचा बदलून बदलून बघितल्या, शेवटी एक लावली, आणि सुकदेवरावांनी तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ खडाखडा वाचली. सरलाबाईंना सांगायला मी घाईनं उठलोसुद्धा! दुकानदार म्हणाला, "छान. दीडचा नंबर आहे."

सुकदेवरावांनी चष्मा काढला, काउंटरवर ठेवला, आणि अपमान झाल्यासारखे म्हणाले, "दीड? प्रभाकररावांचा अडीचचा शे. माले हलका माल नको, चारचा द्या!"

मी परत बसलो.